बरे वाटत नाही : विद्यार्थ्याची तक्रार आणि विद्यापीठाची दोन दारे

काही वर्षांपूर्वी, मी एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गास शिकवीत असताना, एका विद्यार्थ्याने रजेच्या अर्जास जोडून दोन कागद माझ्यापुढे ठेवले. पहिला कागद महाविद्यालयाच्या दवाखान्यातील केसपेपर होता. तक्रारीच्या रकान्यात 'पोटदुखी' हा एकच शब्द, त्याखाली आम्लपित्तावरील गोळ्यांचे नाव, आणि सर्वांत खाली 'समुपदेशकांकडे पाठवावे' अशी ओळ. दुसरा कागद समुपदेशन कक्षाचा छापील अर्ज. त्यात 'समस्येचे स्वरूप' ह्या मथळ्याखाली शैक्षणिक, कौटुंबिक, भावनिक आणि इतर असे चार चौकोन होते. विद्यार्थ्याने 'इतर' ह्या चौकोनात खूण करून पुढे स्वतःच्या अक्षरात लिहिले होते : 'पोटात गोळा येतो.' त्यावर कक्षातील कोणीतरी शेरा मारला होता : 'प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.'

दवाखान्याने त्याला कक्षाकडे पाठविले होते आणि कक्षाने दवाखान्याकडे. ह्या दोन ठिकाणांच्या मध्ये एक मैदान, एक उपाहारगृह आणि परीक्षेचा मोठा दिवाणखाना एवढे अंतर होते. शिवाय समुपदेशक मंगळवारी आणि शुक्रवारीच येत असत. दोन खेपा त्याने केल्या, तिसरी केली नाही. 'घरी जाऊन येतो, सर,' एवढेच तो म्हणाला. त्या सत्राच्या परीक्षेस तो बसला नाही. पुढे तो परत आला, त्याने अभ्यासक्रमही पुरा केला. परंतु एक वर्ष गेले ते गेले.

ह्या दोन कागदांकडे मी त्या वेळी शिक्षक म्हणून पाहिले आणि हळहळलो. भाषेचा अभ्यासक म्हणून त्यांकडे पाहावयास मला पुढे बराच काळ लागला. पोटात गोळा येणे ह्या मराठी वाक्प्रचारात पोटही आहे आणि भीतीही आहे. डॉक्टरांनी त्यातले पोट ऐकले. कक्षानेही पोटच ऐकले, आणि ते आपले काम नव्हे असे ठरविले. वास्तविक त्या मुलाने आपली अवस्था पुरेशा नेमकेपणाने सांगितली होती. ती ऐकून घेण्यासाठी संस्थेपाशी जे दोन कान होते, ते एका डोक्याला जोडलेले नव्हते.

विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय सेवा आणि समुपदेशन सेवा ह्यांचे एकत्रीकरण करावे की नाही, ह्याची चर्चा अलीकडे आपल्याकडे सुरू झाली आहे. ती बहुधा इमारत, नेमणुका आणि खर्च ह्यांच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात तिच्याकडे एका वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. हा प्रश्न पहिल्या प्रथम भाषेचा आहे, तक्रार कोणत्या शब्दांत येते आणि कोणत्या शब्दांत नोंदली जाते ह्याचा आहे, असे मला वाटते.

मराठी बोलणारा तरुण आपले दुखणे कसे सांगतो, हे प्रथम पाहू. 'बरे वाटत नाही' हे वाक्य तापालाही चालते आणि उदासीलाही चालते. 'कसेतरीच होते' ह्यात मळमळ असेल किंवा धास्ती असेल. बोलणाराला स्वतःलाही त्या क्षणी ते वेगळे करता येत नाही. जीव घाबरा होतो, छातीत धस्स होते, हातपाय गळतात, डोके सुन्न होते, अन्न गोड लागत नाही, अंगात त्राण उरत नाही : ह्या यादीत शरीराचा एकही अवयव असा नाही की ज्याला मनाचे काम लावलेले नाही. ही केवळ आलंकारिकता आहे असे म्हणून तिची बोळवण करता येणार नाही. भीतीने छातीत खरोखरच धडधडते आणि चिंतेने खरोखरच अन्नावरची वासना उडते. भाषेने जे एकत्र पाहिले, ते एकत्रच घडत असते.

व्याकरणाच्या पातळीवर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. 'मला ताप आला', 'मला चक्कर आली', 'मला झोप येत नाही', 'मला रडू येते', 'मला भीती वाटते' : ह्या सर्व वाक्यांची घडण एकच आहे. भोगणारा 'ला' प्रत्यय घेऊन बाजूस उभा आहे आणि अवस्था ही जणू बाहेरून चालत आलेली पाहुणी आहे. ताप येतो तसेच रडू येते. पहिल्याचे मूळ शरीरात आणि दुसऱ्याचे मनात, असा भेद करावयास ही वाक्यरचना आपल्याला कोठेही सांगत नाही. भावकर्तृक क्रियापदाचे उदाहरण म्हणून शालेय व्याकरणात 'मला मळमळते' हे वाक्य ठरलेले असते. 'मला करमत नाही' ह्याची घडण अगदी तशीच आहे, आणि वसतिगृहात जून-जुलैमध्ये सर्वांत अधिक ऐकू येणारे वाक्य हेच असावे. गाव सोडून पहिल्यांदा शहरात आलेली मुलगी 'करमत नाही' म्हणते, तेव्हा ती कोणता रोग सांगत असते? कोणताच नाही. परंतु त्या एका क्रियापदात न येणारी झोप, न जाणारे जेवण, वर्गात न लागणारे लक्ष आणि आईच्या आवाजाची ओढ हे सर्व सामावलेले असते. तिच्या हाती 'शारीरिक / मानसिक' असे छापलेला कागद देऊन एकावर खूण करावयास सांगणे म्हणजे तिच्या व्याकरणात नसलेला भेद तिने जागच्या जागी निर्माण करावा, अशी अपेक्षा करणे होय.

येथे कोणी म्हणेल की ही आपल्या भाषेची प्राथमिक अवस्था आहे आणि शास्त्र ती मागे टाकून पुढे गेलेले आहे. तसे दिसत नाही. नैराश्याची चाचपणी करण्यासाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्या नऊ प्रश्नांपैकी एक झोपेविषयी, एक थकव्याविषयी, एक भुकेविषयी आणि एक हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थ येरझारा घालणे ह्याविषयी आहे. म्हणजे ज्या अवस्थेस आपण मानसिक म्हणतो, तिची निम्मी साक्ष शरीरच देते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ ह्या वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोहयुक्त द्रव्याचे प्रमाण कमी आढळले. तेव्हा 'त्राण नाही, कशात मन लागत नाही' असे सांगणाऱ्या विद्यार्थिनीस समुपदेशनाच्या सहा बैठकी देण्यापूर्वी कोणीतरी तिचे रक्त तपासावयास हवे. कंठग्रंथी मंदावल्यानेही हीच लक्षणे दिसतात. तिच्याशी बोलू नये, असा ह्याचा अर्थ नाही. दोन्ही गोष्टी करावयाच्या आणि कोणती आधी हे ठरविण्याची जबाबदारी तिच्यावर टाकावयाची नाही, एवढाच आहे.

आता दारांवरील पाट्यांकडे वळू. 'समुपदेशन' हा शब्द आपण इंग्रजी कौन्सेलिंगसाठी घडविला आणि तो आता सरकारी कागदांत रुळला आहे. त्याची व्युत्पत्ती निर्दोष आहे. 'उपदेश' ह्यास 'सम्' हा उपसर्ग लावला आहे. परंतु शब्द हा व्युत्पत्तीने चालत नाही, संगतीने चालतो. मराठी घरात उपदेश कोण कोणास करतो? मोठा लहानास, न मागता, आणि बहुधा चूक झाल्यावर. उपदेशाचे डोस पाजणे असा आपला एक खवचट वाक्प्रचार आहे. दवाखाना आणि उपदेश ह्यांचे एकत्रीकरण मराठी माणसाने एवढ्या एकाच ठिकाणी केले, आणि तेही थट्टेने. वीस वर्षांचा मुलगा दारावर 'समुपदेशन कक्ष' वाचतो तेव्हा 'सम्' त्याच्या कानावर पडत नाही, 'उपदेश' तेवढा पडतो. न्यायाने सांगावयाचे तर मूळ इंग्रजी शब्दाच्या पोटीही सल्ल्याचाच अर्थ आहे. दोष एकट्या मराठीचा नव्हे. परंतु १९४२ साली कार्ल रॉजर्स ह्यांनी ह्या विषयावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तो सल्ला देणाऱ्या समुपदेशकास बाजूस सारून ऐकणाऱ्यास पुढे आणण्यासाठी. ज्या विद्येने उपदेश टाकून दिला, तिच्या नावातच आपण उपदेश कोरून ठेवला, ही गोष्ट थोडी विनोदी आणि बरीच दुःखद आहे.

दुसरी पाटी 'मानसिक आरोग्य केंद्र' ही. हिच्यात उपदेश नाही, परंतु हिच्या दारात उभे राहणे म्हणजे आपले दुखणे कोणत्या जातीचे आहे ह्याची जाहीर कबुली देणे होय. नवा शब्द घडवून हा पेच सुटेल, असे मला वाटत नाही. आपण शब्द घडविण्यात नको तितके तत्पर आहोत. माझ्या मते दारावर 'आरोग्य केंद्र' एवढीच पाटी असावी आणि आत डॉक्टर, परिचारिका व समुपदेशक ह्या सर्वांनी बसावे. पाय मुरगळलेला मुलगा आणि तीन रात्री न झोपलेला मुलगा एकाच बाकावर बसले, तर कोण कशासाठी आला आहे हे कोणास कळणार नाही. एकत्रीकरणाचा हा सर्वांत स्वस्त लाभ आहे आणि तो मिळविण्यासाठी बाकापलीकडे काही लागत नाही.

ही दोन दारे मुळात वेगळी का झाली, हेही पाहावयास हवे, कारण त्यात कोणाचा दुष्टपणा नाही. विद्यार्थ्यांची वैद्यकीय सेवा अमेरिकेतील ॲमहर्स्ट महाविद्यालयात १८६१ साली एडवर्ड हिचकॉक ह्या डॉक्टरच्या नेमणुकीने सुरू झाली, असे मानले जाते. तिचा पाया व्यायाम आणि आरोग्यरक्षण हा होता. मार्गदर्शनाची परंपरा जन्मली ती बॉस्टन येथे १९०८ साली, फ्रँक पार्सन्स ह्यांच्या व्यवसाय-मार्गदर्शन केंद्रात. तिच्यासमोर रोगी नव्हता, काम शोधणारा तरुण होता. दोन वेगळ्या घराण्यांच्या ह्या विद्या. आपल्याकडे त्या आल्या त्याही वेगवेगळ्याच. १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांची प्रवेशाच्या वेळी आणि त्यानंतर वर्षातून एकदा शारीरिक तपासणी व्हावी असे सुचविले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने आरोग्यसेवेचा विचार केला आणि त्याखेरीज दर हजार विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी स्वतंत्र शिफारस केली. दोन्ही शिफारशी योग्य होत्या. त्या शेजारीशेजारी राहिल्या आणि त्यांच्यामधील भिंतीस दार असावे, हे सुचवावयाचे राहून गेले.

अलीकडील कागदांतही ही भिंत दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांच्या शीर्षकात शारीरिक सुदृढता, क्रीडा, आरोग्य आणि मानसिक-भावनिक स्वास्थ्य ही सारी एकत्र नांदतात. त्यांत विद्यार्थी सेवा केंद्राची कल्पनाही आहे. परंतु त्या केंद्राचे काम सांगताना भाषा ताणतणाव आणि भावनिक समायोजन ह्यांची येते. म्हणजे खिडकी एकच. पण तिच्यापाशी येणाऱ्याने आपले दुखणे ताणाचे आहे हे आधीच ओळखलेले असावे, असे गृहीत धरलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयाने एक पाऊल निश्चित पुढे टाकले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. कर्मचाऱ्यांस वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. टेली-मानससारख्या साहाय्य-दूरध्वनींचे क्रमांक वसतिगृहांत आणि वर्गांत ठळक अक्षरांत लावावेत, असे त्यात सांगितले आहे. टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ हा आहे. मराठीतही बोलता येते. ह्या निर्णयाचे महत्त्व कमी करण्याचा माझा हेतू नाही. एवढेच म्हणावयाचे की त्यातला समुपदेशक नेमला गेला आणि मैदानापलीकडच्या खोलीत मंगळवार-शुक्रवार बसविला गेला, तर अट पुरी होईल आणि तो विद्यार्थी तरीही तिसरी खेप करणार नाही.

एकत्रीकरणाची कल्पना ज्या देशात सर्वांत अधिक चर्चिली गेली, तेथील अनुभव मात्र सरळ नाही, आणि आपण तो डोळे उघडे ठेवून वाचावयास हवा. अमेरिकन कॉलेज हेल्थ असोसिएशन ह्या संस्थेने २०१० साली ह्या विषयावर एक निवेदन काढले. त्यात लाभांबरोबर धोक्यांचीही चर्चा होती. त्यामागे एक मोठी दुर्घटना उभी होती. व्हर्जिनिया टेक ह्या विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्याने ३२ जणांची हत्या करून स्वतःस संपविले. राज्यपालांनी नेमलेल्या समितीने त्याच वर्षी आपला अहवाल दिला. त्या विद्यार्थ्याविषयी काही प्राध्यापकांना, वसतिगृहाला, पोलिसांना आणि समुपदेशन केंद्राला थोडेथोडे ठाऊक होते. परंतु गोपनीयतेचा कायदा बोलू देत नाही ह्या गैरसमजुतीने कोणी कोणास काही सांगितले नाही, असा त्यातील एक निष्कर्ष होता. केंद्रातील त्याच्या नोंदी तर तेव्हा सापडल्याच नाहीत. दोन वर्षांनी, २००९ साली, त्या केंद्राच्या माजी संचालकांच्या घरी मिळाल्या.

ह्यावरून कोणीही म्हणेल की सर्व नोंदी एकाच कपाटात ठेवाव्यात आणि किल्ली विद्यापीठापाशी असावी. परंतु २०१५ साली ओरेगन विद्यापीठातील एक प्रकरण उघडकीस आले. तेथे एका विद्यार्थिनीने लैंगिक अत्याचाराची तक्रार केली होती आणि ती विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात जाईल अशी चिन्हे दिसत होती. विद्यापीठाच्या विधी-विभागाने तिच्या समुपदेशनाच्या नोंदी तिच्या संमतीवाचून मागवून घेतल्या. शैक्षणिक नोंदींविषयीच्या १९७४ च्या कायद्यात ह्यास वाव होता, असा बचाव करता येत होता. म्हणूनच तो प्रकार अधिक धडकी भरविणारा ठरला. एका ठिकाणी बोलणे पोहोचले नाही आणि दुसऱ्या ठिकाणी ते नको तेथे पोहोचले. दार एक असावे आणि कपाटे दोन असावीत, ह्या मतास मी आलो तो ह्या दोन घटना एकत्र वाचल्यावर.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तेविसाव्या कलमाने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. जिवास धोका असेल तेव्हा त्यास अपवादही आहेत. आपल्याकडे वकिलांपेक्षा अधिक भीती आहे ती घरची. रेक्टरांनी आपुलकीने वडिलांना केलेला एक दूरध्वनी मुलीचे शिक्षण थांबवू शकतो, हे खेड्यांतून आलेल्या विद्यार्थिनींस शिकविणाऱ्या कोणाही प्राध्यापकास ठाऊक आहे. तेव्हा रक्ताच्या तपासणीचा कागद समुपदेशकाने पाहावा. बैठकीत जे बोलले गेले त्यातले डॉक्टरांपर्यंत काय जावे, हे मुलीस विचारून ठरवावे. आणि ह्या दोघांपलीकडे, म्हणजे विभागप्रमुख, रेक्टर किंवा कुलसचिव ह्यांच्यापर्यंत, जिवास धोका असल्याखेरीज काहीही जाऊ नये.

समुपदेशकांचा एकत्रीकरणास जो विरोध असतो, तो मला पोकळ वाटत नाही. डॉक्टर रुग्णास पाच मिनिटे देतो, समुपदेशक पाऊण तास; एकाच छपराखाली आल्यावर कोणाचे घड्याळ चालेल? रांग लांबली की पाऊण तासाची वीस मिनिटे होतील आणि बोलण्याच्या जागी गोळी येईल, ही भीती रास्त आहे. ह्यावर उपाय प्रशासनाचाच आहे : समुपदेशक हा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखालचा नसावा आणि त्याच्या बैठकींची मोजणी बाह्यरुग्णांच्या आकड्यांत होऊ नये. ह्याहून अधिक मी त्यावर लिहू शकत नाही. तो माझा प्रांत नव्हे.

माझ्या प्रांतातील एक गोष्ट मात्र राहिली. आमच्या पिढीच्या जुन्या डॉक्टरांची विचारण्याची एक रीत होती : 'काय होतंय?' आज खिडकीवर विचारतात : 'काय झालंय?' पहिला प्रश्न चालू अवस्था विचारतो, त्याला 'कसेतरीच होते' हे उत्तर चालते. दुसरा प्रश्न एक घडून गेलेली गोष्ट मागतो. पडलो, भाजलो, नापास झालो असे काहीतरी सांगता आले पाहिजे. ज्याचे काही झालेले नाही आणि तरीही ज्याला होत आहे, त्याच्यापाशी ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसते. तो 'काही नाही' म्हणतो आणि निघून जातो. केसपेपर लिहिणाऱ्या कारकुनास एवढा एक प्रश्न बदलावयास सांगितले, तर त्यास खर्च येत नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी असे शिकविलेले असते. ते प्रत्यक्षात पाळले जावे. माझ्यासमोर आलेल्या त्या पहिल्या कागदावर 'पोटदुखी'ऐवजी 'पोटात गोळा येतो' असे लिहिलेले असते, तर वाचणाऱ्याने विचारले असते : केव्हा येतो?

आणि शेवटी परीक्षा विभाग. परीक्षेस न बसलेल्या विद्यार्थ्याकडून जो वैद्यकीय दाखला मागितला जातो, त्यात रोगाचे नाव लागते. समुपदेशकाचा दाखला बहुतेक ठिकाणी चालत नाही, निदान माझ्या पाहण्यात तो चाललेला नाही. त्यामुळे तीन आठवडे खोलीबाहेर न पडलेला मुलगा कोणत्या तरी ओळखीच्या डॉक्टरांकडून विषमज्वर लिहून आणतो. सर्वांना ते ठाऊक असते आणि सर्वजण ते स्वीकारतात. त्या मुलाने मात्र खरे दुखणे सांगितले तर वर्ष जाते आणि खोटे सांगितले तर वाचते, हा धडा विद्यापीठातूनच घेतलेला असतो. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत परीक्षेस बसण्यास असमर्थ' एवढेच, रोगाच्या नावावाचून, आरोग्य केंद्राच्या शिक्क्याने आणि डॉक्टर किंवा समुपदेशक ह्यांपैकी कोणाच्याही सहीने लिहिलेले पुरेसे मानावे, असा ठराव विद्या परिषदेपुढे मांडता येण्याजोगा आहे. त्याचा मसुदा दोन ओळींचा होईल.